मुखरसाचा कारभार

१६६० सालच्या एप्रिल महिन्यात, वैद्यकाच्या अध्ययनासाठी अ‍ॅम्स्टरडॅम नगरीत नुकताच येऊन राहिलेला निल्स स्टेनसेन नावाचा बावीस वर्षांचा डॅनिश विद्यार्थी, विकत आणलेल्या मेंढीच्या मुंडक्याचे विच्छेदन करीत बसला होता. मेंदू उघडण्यापूर्वी मुखाच्या बाजूने रक्तवाहिन्यांचे मार्ग पाहून घ्यावेत, या विचाराने त्याने एका वाहिनीत धातूची बारीक सळई सरकवली. ती कोठेही न अडखळता एका मोकळ्या पोकळीत शिरली आणि दातावर आपटून खणकली. रक्तवाहिनी तोंडात उघडत नसते, हे त्याला ठाऊक होते. तेव्हा ही वाहिनी कोणाची, याचा उलट दिशेने माग काढीत तो कानापुढच्या ग्रंथीपर्यंत पोहोचला. ज्या ब्लासियस नावाच्या अध्यापकाच्या घरी तो उतरला होता, त्याने प्रथम या गोष्टीची वासलात सळईच्या धसमुसळेपणावर लावली आणि मागाहून मात्र शोध आपलाच असल्याचा दावा मांडला. या कज्जात दोन्ही पक्षांनी पुष्कळ शाई खर्ची घातली. निकाल अखेर विद्यार्थ्याच्या बाजूने लागला व ती वाहिनी आजतागायत स्टेनसेनच्या नावाने ओळखली जाते. याच मनुष्याने पुढे खडकांच्या थरांचा अनुक्रम वाचण्याचे तत्त्व सांगून भूशास्त्राचा पाया घातला आणि नंतर सर्व शास्त्र बाजूला सारून तो बिशप झाला, ही हकीकत स्वतंत्र प्रकरणाच्या योग्यतेची असली तरी येथे तिच्यात शिरता येत नाही.

सळईच्या त्या एका आवाजाचे मोल समजण्यास तत्पूर्वीची समजूत ध्यानी घ्यावी लागते. प्राचीन वैद्य गेलनपासून चालत आलेल्या परंपरेत तोंडातील व नाकातील ओलावा बराचसा मेंदूतून खाली पाझरतो असे मानीत, आणि ग्रंथी म्हणजे अवयवांमधील पोकळ्या भरून काढणाऱ्या व ओल शोषून घेणाऱ्या मऊ गाद्या, याहून त्यांना फारसा दर्जा नव्हता. लंडनच्या टॉमस व्हार्टनने १६५६ साली ग्रंथींवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध करून जबड्याखालच्या ग्रंथीची वाहिनी वर्णिली, चार वर्षांनी स्टेनसेनची भर पडली आणि शतक संपण्यापूर्वीच रिव्हिनस व धाकटा बार्थोलिन यांनी जिभेखालच्या ग्रंथीच्या वाहिन्या शोधल्या. तोंडातील लाळ कोठून येते, याचा पत्ता अशा रीतीने लागला. ती कशी उत्पन्न होते, हे कळावयास मात्र आणखी दोन शतके लोटावी लागली. आणि शरीरातील ज्या द्रव्याला सर्वांनी तुच्छ लेखले, त्याच्या निर्मितीत केवढी शक्ती खर्ची पडते व केवढा विवेक दिसून येतो, हे त्या दोन शतकांच्या अखेरीसच उमगले.

मनुष्याच्या मुखाभोवती मोठ्या लालाग्रंथींच्या तीन जोड्या आहेत. सर्वांत मोठी ती अनुकर्ण ग्रंथी, कानाच्या पुढे व किंचित खाली, जबड्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर बसलेली, वजनाने पंधरा ते तीस ग्रॅम. तिची वाहिनी चर्वणाच्या जाड स्नायूवरून आडवी पुढे येते, मग गालाच्या स्नायूला भेदून आत वळते आणि वरच्या दुसऱ्या दाढेसमोर उघडते. जिभेचे टोक तेथे फिरविले तर एक लहानसा उंचवटा कोणालाही लागेल. दुसरी अधोहनू ग्रंथी, जबड्याच्या कोनाखाली, अनुकर्ण ग्रंथीच्या सुमारे निम्म्या वजनाची. हिची वाहिनी मुखाच्या तळातून पुढे व वर चढत जाऊन जिभेखालच्या पातळ दोरीच्या बाजूस उघडते. आरशासमोर जीभ उचलून धरली असता दोन बाजूंचे दोन बारीक ठिपके दिसतात व त्यांतून लाळ डोकावताना पाहावयास मिळते. जांभई देताना अवचित जी बारीक पिचकारी उडून समोरच्या पुस्तकावर पडते, ती बहुधा येथूनच. तिसरी अधोजिव्हा ग्रंथी तीन-चार ग्रॅमांची, आणि तिला एक मोठी वाहिनी असण्याऐवजी अनेक आखूड वाहिन्या असतात. यांखेरीज ओठ, गाल, टाळू व जीभ यांच्या अस्तराखाली सहाशे ते हजार अतिसूक्ष्म ग्रंथी विखुरलेल्या आहेत, ज्यांची गणती कोणी करीत नाही, परंतु अस्तराला लागणारा बुळबुळीत लेप प्रामुख्याने त्याच पुरवीत असतात.

अनुकर्ण ग्रंथीविषयी एक गोष्ट येथे सांगून ठेवणे इष्ट, कारण शल्यचिकित्सकांची झोप तीच उडविते. चेहऱ्याच्या स्नायूंना चालना देणारा मज्जातंतू कवटीतून बाहेर पडताच या ग्रंथीत शिरतो, तिच्या पोटातच त्याला पाच शाखा फुटतात, आणि त्या कपाळ, डोळा, गाल, ओठ व मान यांकडे जातात. ग्रंथीला स्वतःला मात्र तो काहीच देत नाही. लालाग्रंथींच्या गाठींपैकी बहुसंख्य गाठी अनुकर्ण ग्रंथीत होतात आणि त्यांतील बहुतेक सौम्य असतात, पण गाठ सौम्य असली तरी ती काढताना या शाखांना धक्का लागला, तर रुग्णाचा अर्धा चेहरा कायमचा लुळा पडू शकतो. म्हणून शस्त्रक्रियेतील बहुतेक वेळ गाठ काढण्यात न जाता तंतू शोधून जपण्यात जातो.

ग्रंथीचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर पेशींचे वाटोळे पुंज आणि त्या प्रत्येक पुंजाच्या मध्यातून निघणारी नलिका दिसू लागते. काही पुंजांतील पेशी पाण्यासारखा पातळ, प्रथिनयुक्त रस देतात, काहींतील पेशी चिकट श्लेष्मल रस देतात. अनुकर्ण ग्रंथीत पहिल्या जातीचेच पुंज असतात, अधोजिव्हा ग्रंथीत दुसऱ्या जातीचे अधिक, आणि अधोहनू ग्रंथीत दोन्ही. पुंजांना बाहेरून आवळणाऱ्या, आकुंचन पावणाऱ्या पेशीही आहेत, ज्यांच्यामुळे तयार रस पुढे ढकलला जातो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ग्रंथीला भरपूर रक्त मिळते व लाळ बहुतांशी पाणी आहे, यावरून रक्ताच्या दाबाने पाणी गाळले जाऊन लाळ होत असावी, असे अनुमान कोणीही केले असते; एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेकांनी तेच केले. १८५१च्या सुमारास झूरिक येथे कार्ल लुडविग याने कुत्र्याच्या अधोहनू ग्रंथीच्या वाहिनीला पारायुक्त दाबमापक जोडला, दुसरा दाबमापक धमनीला जोडला आणि ग्रंथीकडे जाणारा मज्जातंतू विद्युत्प्रवाहाने उद्दीपित केला. वाहिनीतील लाळेचा दाब धमनीतील रक्ताच्या दाबाच्याही वर गेला! गाळणीतून उतरणारा द्रव मूळ द्रवापेक्षा अधिक दाबाने बाहेर येणे निसर्गनियमांत बसत नाही. अर्थात येथे गाळणी नव्हती, पेशी स्वतःची शक्ती खर्चून द्रव पुढे रेटीत होत्या. पुढे १८७२मध्ये ब्रेस्लावच्या हायडेनहाइनने प्राण्याला अ‍ॅट्रोपिन हे द्रव्य देऊन तोच तंतू उद्दीपित केला, तेव्हा ग्रंथीतील रक्तप्रवाह पूर्ववत वाढला, पण लाळेचा थेंबही आला नाही. रक्त मुबलक असून निर्मिती बंद, यापेक्षा बिनतोड पुरावा कोणता असणार? माझ्या मते शरीरक्रियाशास्त्रातील सुंदर प्रयोगांची यादी कोणी केलीच, तर या दोन प्रयोगांना तीत वरची जागा द्यावी लागेल. त्यांत साहित्य थोडे आहे आणि पळवाट एकही नाही.

आज या क्रियेचे बारकावे उलगडले आहेत. पुंजातील पेशी रक्ताकडच्या बाजूने क्लोराइड ओढून घेऊन नलिकेकडच्या बाजूस सोडते. त्याच्या पाठोपाठ सोडियम जाते, आणि या क्षारांच्या ओढीने पाणी. येथवर तयार झालेला रस खारटपणात रक्तद्रवाइतकाच असतो. मग तो नलिकांतून वाहू लागतो आणि नलिकांच्या भिंती त्यातील सोडियम व क्लोराइड परत घेतात, थोडे पोटॅशियम व बायकार्बोनेट त्यात घालतात, पण पाणी मागे येऊ देत नाहीत. त्यामुळे तोंडात येणारी लाळ रक्ताहून पुष्कळ अळणी असते. आमटीत मीठ किंचित कमी पडले हे जिभेला जे कळते, ते जीभ सदैव खारट द्रवात बुडालेली नसते म्हणूनच. मौज अशी की, लाळ वेगाने वाहू लागली म्हणजे हा हिशोब बिघडतो. बाजाराच्या दिवशी जकातनाक्यावर गाड्यांची रीघ लागली की कारकुनाला प्रत्येक गाडीची जकात वसूल करणे साधत नाही, आणि पुष्कळसा माल तसाच पार होतो. त्याप्रमाणे रस वेगाने निघून जाताना भिंतींना सोडियम परत घेण्यास अवधी पुरत नाही व लाळ अधिक खारट होते. बायकार्बोनेटचे प्रमाणही वेगाबरोबर वाढते, आणि तो आपला लाभच आहे, कारण लाळ वेगाने सुटते ती जेवताना, आणि अन्नामुळे निर्माण होणारे आम्ल निवविण्याची गरज त्याच वेळी असते.

दिवसभरात अर्धा ते दीड लिटर लाळ निर्माण होते व जवळजवळ सारी गिळली जाते. एरवी स्वस्थ बसलेल्या माणसाच्या तोंडात येणारी सुमारे दोन-तृतीयांश लाळ अधोहनू ग्रंथींची असते. घास चघळू लागताच अनुकर्ण ग्रंथी पुढे सरसावतात आणि निम्मा वाटा उचलतात. निद्रेत प्रवाह जवळजवळ थांबतो. रात्री दात न घासता, गोड खाऊन निजणे जे बाधते त्याचे कारण हेच: साखरेवर पोसणारे जंतू आम्ल तयार करीतच राहतात आणि ते धुऊन नेणारा व निवविणारा प्रवाह मात्र त्या वेळी नसतो. लाळेत कॅल्शियम व फॉस्फेट इतके असते की दातावरच्या आवरणातून विरघळून गेलेला अंश ती काही प्रमाणात भरून काढते. याच विपुलतेची दुसरी बाजू म्हणजे दातांवर चढणारे किटण. ते सर्वांत जास्त कोठे साचते, हे दंतवैद्याला विचारावे: खालच्या पुढच्या दातांच्या मागे आणि वरच्या दाढांच्या गालाकडील बाजूस, म्हणजे नेमके वाहिन्यांच्या मुखांशी.

पिष्टाचे साखरेत रूपांतर करण्याचा लाळेचा गुण १८३१ साली लॉइक्सने नोंदविला. भाकरीचा घास बराच वेळ चावीत राहिले की गोडसर लागू लागतो, ही त्याचीच प्रचीती. जठरातील आम्लापुढे हे पाचक द्रव्य निष्प्रभ होते हे खरे, पण घासाच्या गाभ्यात आम्ल शिरेपर्यंत त्याचे काम चालू राहते. तरीही पचन हे लाळेचे मुख्य काम नव्हे, असे मला म्हणावेसे वाटते. पिष्ट पचविण्यास स्वादुपिंड समर्थ आहे. पण कोरडा घास ओला करून निसरडा करणे, तो अस्तर न खरचटता घशाखाली जाऊ देणे, आणि मुख्यतः त्यातील रुची विरघळवून जिभेपर्यंत पोहोचविणे, ही कामे दुसऱ्या कोणाला करता येत नाहीत. पुसून कोरड्या केलेल्या जिभेवर साखरेचा कोरडा कण ठेवला, तर तो ओला होईपर्यंत गोडी कळत नाही. आयुर्वेदकारांनी कफाच्या पाच भेदांत जिभेच्या ठायी राहून रसाचे ज्ञान करून देणारा ‘बोधक’ हा भेद स्वतंत्र मानला, तो याच निरीक्षणावर आधारलेला दिसतो.

हा सारा कारभार मज्जातंतूंच्या हुकमाने चालतो. इतर पाचक ग्रंथींना रक्तातून येणाऱ्या संप्रेरकांचीही आज्ञा चालते. लालाग्रंथींना स्रवण्याचा हुकूम तंतूंकडूनच मिळतो, आणि म्हणूनच लिंबू जिभेला लागताच क्षणार्धात त्यांचे उत्तर येते. अनुकर्ण ग्रंथीला तंतू येतात नवव्या मस्तिष्क-तंतूकडून. खालच्या दोन ग्रंथींना सातव्याकडून, आणि तेही मध्यकर्णातून, कानाच्या पडद्याला आतून घासून येणाऱ्या चमत्कारिक आडवाटेने. हे परानुकंपी तंतू पाणीदार, मुबलक लाळ सोडवितात. अनुकंपी तंतूंच्या प्रेरणेने थोडी, पण प्रथिनांनी संपन्न लाळ येते. हे दोन परस्परविरोधी आहेत, एक चालू करतो व दुसरा बंद, असे पुष्कळ पाठ्यपुस्तकांतून सांगितले जाते, पण लालाग्रंथींच्या बाबतीत ते खरे नाही. दोन्ही स्रवणालाच चालना देतात. भीतीने तोंडाला कोरड पडते ती ग्रंथीला कोणी मनाई केली म्हणून नव्हे, तर मेंदूतील वरच्या केंद्रांनी परानुकंपी हुकूमच रोखून धरला म्हणून.

सेंट पीटर्सबर्गच्या इव्हान पाव्हलोव्हच्या प्रयोगशाळेत कुत्र्याच्या लालावाहिनीचे मुख शस्त्रक्रियेने गालाच्या बाहेर वळवीत, म्हणजे लाळेचे थेंब मोजता येत. तेथे आढळले की कोरड्या अन्नावर ओल्या अन्नापेक्षा अधिक लाळ सुटते. गुळगुळीत खडे तोंडात टाकले तर कुत्रा ते थुंकून देतो व लाळ फारशी येत नाही. तेच खडे कुटून वाळू करून टाकली, तर लाळेचा लोंढा येतो, कारण वाळू धुतल्यावाचून निघत नाही. आरंभी मी विवेक हा शब्द वापरला तो याच अर्थाने. पाव्हलोव्हला १९०४चे नोबेल पारितोषिक मिळाले ते पचनाच्या अभ्यासाबद्दल; अन्न देणाऱ्या नोकराच्या नुसत्या पावलांच्या चाहुलीने सुटणाऱ्या लाळेने त्याला पुढे मानसशास्त्राच्या प्रांतात नेले, आणि लोकांच्या स्मरणात राहिला तो तेवढाच भाग.

भीती आणि लाळ यांचे नाते आपल्या धर्मशास्त्रकारांना न्यायदानाच्या निमित्ताने परिचित होते. साक्षीपुरावा मिळेना म्हणजे वादी-प्रतिवादींस जी दिव्ये करावयास लावीत, त्यांत तंडुलदिव्य हे केवळ चोरीच्या आरोपासाठी सांगितले आहे, आणि याज्ञवल्क्यस्मृतीवरील मिताक्षरेत त्याचा विधी येतो. देवतेच्या स्नानोदकात भिजविलेले तांदूळ संशयिताने चावून पिंपळाच्या पानावर थुंकावयाचे. त्यांत रक्त दिसले, टाळू व जबडा विदीर्ण झाला किंवा अंगाला कंप सुटला, तर तो दोषी. महामहोपाध्याय काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात या दिव्यांचा साद्यंत परामर्श घेतला आहे. मराठेशाहीच्या महजरांत मात्र तापलेल्या तेलातून धातूचा तुकडा काढण्याचे रवादिव्यच अधिक आढळते. तंडुलदिव्यामागचा तर्क शरीरशास्त्रदृष्ट्या निराधार नाही: कोरड्या पडलेल्या तोंडात तांदळाचे कण अस्तराला खरचटणार, हे उघड आहे. पण कोरड अपराधाने पडत नाही, भयाने पडते. आणि पाटील, कुळकर्णी व भरल्या मजलशीपुढे उभ्या केलेल्या निरपराध गरिबाचे तोंड निर्ढावलेल्या चोरापेक्षा आधी सुकण्याचा संभव अधिक, ही गोष्ट त्या न्यायाधीशांच्या ध्यानी आली असेल काय, याची मला शंका आहे.

मज्जातंतूंचा हुकूम ग्रंथीपर्यंत वाहून नेणाऱ्या रासायनिक दूताची नक्कल करणारी आणि त्याची वाट अडविणारी, अशी दोन्ही प्रकारची द्रव्ये वनस्पतींत आहेत, आणि आपल्या लोकांना ती शास्त्राच्या कितीतरी आधी माहीत होती. अडविणारे ते धोत्र्याचे बी, ज्यात अ‍ॅट्रोपिनच्या जातीची द्रव्ये असतात. वाटसरूंना ते अन्नातून चारून लुटण्याचा धंदा करणाऱ्या टोळ्यांचे बळी शुद्ध हरपण्यापूर्वी घशाला पडलेल्या कोरडेने पाणी-पाणी करीत. नक्कल करणारे द्रव्य सुपारीत आहे. विड्यातील चुना ते मोकळे करतो, ग्रंथींना खोटाच हुकूम पोहोचतो आणि तोंड लाळेने भरून येते; बैठकीत तस्त ठेवावे लागे ते उगाच नव्हे. कात व सुपारी यांचा तुरटपणा हाही लाळेचाच एक व्यवहार आहे: लाळेतील काही प्रथिने त्यांतील कषाय द्रव्यांना धरून साकळतात, निसरडेपणा नाहीसा होतो आणि जीभ ओढल्यासारखी वाटते. विड्याचे कौतुक करताना सुपारी स्वतःच कर्करोगकारक ठरली आहे हे दडविणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. तंबाखू न घालता खाल्लेली सुपारीही तोंडाचे अस्तर ताठर करून जबडा उघडणे दुष्कर करते.

ग्रंथींच्या विकारांपैकी गालगुंड सर्वांच्या परिचयाचे. विषाणूमुळे अनुकर्ण ग्रंथी सुजते, कानाची पाळी वर उचलली जाते, आणि ग्रंथीभोवतीचे आवरण घट्ट असल्याने सुजेला पसरण्यास वाव न मिळून वेदना तीव्र होतात. चिंचेच्या नुसत्या चवीनेही रोगी कळवळतो. वाहिनीत होणारे खडे मात्र बहुधा अधोहनू ग्रंथीचे असतात, कारण तिचा रस घट्ट व कॅल्शियमयुक्त, आणि वाहिनी लांब व चढणीची. जेवावयास बसताच जबड्याखाली गाठ फुगते आणि तासाभराने ओसरते, एवढ्यावरून जाणता वैद्य निदान करतो.

सर्वांत विलक्षण विकार तो, ज्याचे वर्णन पोलंडच्या लुत्सिया फ्राय या मज्जाविशारद बाईंनी १९२३ साली केले. गोळी लागून अनुकर्ण ग्रंथीच्या भागात जखम झालेला एक सैनिक त्यांच्याकडे होता. जखम भरल्यावर जेवताना त्याच्या त्या बाजूच्या गालाला घाम फुटे. अनुकर्ण ग्रंथीच्या शस्त्रक्रियेनंतरही असे पुष्कळदा घडते. तुटलेले परानुकंपी तंतू पुन्हा वाढताना वाट चुकतात, ग्रंथीऐवजी त्वचेतील घर्मग्रंथींना जाऊन मिळतात, आणि दोन्हींचा रासायनिक दूत एकच असल्याने घर्मग्रंथी तो हुकूम बिनतक्रार बजावतात. (फ्रायबाई ज्यू होत्या; दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या अमलाखालील ल्वूफ शहरात त्यांचा अंत झाला.) निदानासाठी रुग्णाच्या गालाला आयोडिन लावून ते वाळू देतात, वर पिष्टाची पूड भुरभुरवतात आणि त्याला लिंबाची फोड चोखावयास देतात; चुकलेले तंतू जेथे पोहोचले असतील, तेवढाच भाग ओला होऊन निळाकाळा पडतो. त्या भागाच्या कडा शाईने आखून घेऊन आत बोटुलिनम विषाच्या अत्यल्प मात्रेच्या सुया टोचल्या, की काही महिने घाम थांबतो, आणि मग पुन्हा टोचावे लागते.